सोन्याच्या कणांवर हक्क कोणाचा?

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक पोस्ट फिरते. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी कॅन्सरची गाठ जाळता येते, अशी ती बातमी असते. तिच्याखाली दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली असते, "यात नवीन काय? आमच्या ऋषिमुनींनी सुवर्णभस्म हजारो वर्षांपूर्वीच सांगितले आहे." दुसरी आपल्याच ग्रुपवर, आपल्याच कार्यकर्त्यांकडून येते. "सोने म्हणजे श्रीमंतांचे चोचले. आपल्या माणसाला वेळेवर सोनोग्राफी मिळत नाही, आपल्याला त्याचे काय?"

पहिली प्रतिक्रिया खोटी आहे आणि दुसरी घातक आहे, असे माझे म्हणणे आहे. पहिलीचा समाचार आपण नेहमी घेतो. दुसरीचा घेत नाही, कारण ती आपली वाटते. पण ज्या विज्ञानाकडे आपण पाठ फिरवतो ते आपल्यासाठी थांबत नाही. ते पुढे जाते, त्याच्या चाचण्या गोरगरिबांच्या शरीरांवर होतात, आणि उपचार तयार झाला की त्याची किंमत दुसरेच कोणीतरी ठरवते. म्हणून आधी हे विज्ञान काय आहे ते समजून घेऊ, मग हक्काचे बोलू.

लोहाराच्या मुलाने पाहिलेले लाल सोने

१८५७ साली मायकेल फॅरडे याने लंडनच्या रॉयल सोसायटीत सोन्यावरचे आपले प्रयोग मांडले. त्याने सोन्याचे असे द्रावण बनवले होते की त्याचा रंग माणकासारखा लाल होता. सोने तेच, पण कण कमालीचे बारीक झाल्यामुळे प्रकाशाशी त्याचे वागणे बदलते, हे त्याने ओळखले. हा फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. विद्यापीठात तो कधी शिकला नाही.

आज या कणांची मोजणी नॅनोमीटरमध्ये होते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते, तर उपचारासाठी तपासले जाणारे सोन्याचे कण बहुतेक २ ते १५० नॅनोमीटरचे असतात. एवढ्या लहान कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकत्र डोलतात. कणाची घडण बदलली की तो कोणता प्रकाश शोषणार हे बदलते. गोळी, कांडी किंवा पोकळीवर चढवलेले कवच असे वेगवेगळे कण त्यासाठी बनवले जातात.

कॅन्सरवर त्यांचा उपयोग मुख्यतः तीन वाटांनी शोधला जात आहे.

पहिली वाट उष्णतेची. लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शरीरात काही सेंटीमीटर आत जाऊ शकतो. तोच प्रकाश शोषणारे कण गाठीत पोचवायचे आणि लेझर सोडायचा. कण तापतात, गाठ भाजून निघते आणि शेजारच्या निरोगी भागाला कमी इजा होते. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी वाळूतल्या सिलिकावर सोन्याचे कवच चढवून असे कण बनवले. २००३ मध्ये त्यांनी उंदरांवरचे निकाल दिले. त्यानंतर प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीचा अहवाल २०१९ मध्ये आला आणि त्यातल्या १५ जणांवर हा उपचार पूर्ण करता आला. १६ वर्षे गेली आणि रुग्ण १६. हे प्रमाण लक्षात ठेवा.

दुसरी वाट रेडिएशनची, ज्याला वस्तीत आपण 'शेक देणे' म्हणतो. सोन्याचा अणू जड असतो, त्यामुळे तो क्ष-किरण पेशींपेक्षा कितीतरी जास्त शोषतो. गाठीत सोने असेल तर तेवढ्याच रेडिएशनचा मार गाठीवर जास्त बसतो. २००४ मध्ये हाइनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठी असलेल्या उंदरांवर हे दाखवले. नुसत्या क्ष-किरणांनी वर्षभर जगलेले उंदीर २० टक्के होते, सोने आणि क्ष-किरण दोन्ही दिलेले ८६ टक्के.

तिसरी वाट वाहनाची. टीएनएफ नावाचे प्रथिन गाठीवर प्रभावी ठरू शकते, पण ते सरळ रक्तात सोडले तर रुग्णाचा रक्तदाब कोसळतो. ते सोन्याच्या कणावर बांधून दिले तेव्हा रुग्णांना जास्त मात्रा सोसली, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक चाचणीत दिसले.

हे सगळे खरे आहे. तरीही तालुक्याच्या नाही आणि मुंबईच्याही दवाखान्यात आज हा रोजचा उपचार नाही. अडचण कुठे आहे हेही समजून घेतले पाहिजे. टोरंटोतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले. सोन्याचे असोत वा दुसरे, शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचतात ते साधारण ०.७ टक्के. म्हणजे हजारांत सात. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. यकृतात साचलेल्या सोन्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यातूनच येतो. उंदराला दिसलेला फायदा माणसात तेवढाच दिसत नाही. म्हणून "कॅन्सरवर सोन्याचा इलाज सापडला" असे सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आला आहे असे समजा.

सुवर्णभस्माचे श्रेय

आता पहिली प्रतिक्रिया. सुवर्णभस्माच्या काही नमुन्यांत नॅनो आकाराचे कण सापडले आहेत, हे मान्य करायला हरकत नाही. धातू पुन्हा पुन्हा तापवून आणि घोटून बारीक केला तर बारीक कण मिळणारच. पण कण बारीक असणे आणि कॅन्सर बरा होणे यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे. कणाचा आकार एकसारखा आहे का, त्यावर काय बांधले आहे, तो गाठीत किती पोचतो, कोणत्या प्रकाशाला तापतो, किती मात्रेत विषारी ठरतो आणि न दिलेल्या रुग्णांच्या तुलनेत दिलेले रुग्ण किती जगतात, या प्रत्येक प्रश्नाचे मोजलेले उत्तर लागते. पोटात घेतलेल्या भस्माने गाठ जळत नाही, कारण तिथे ना लेझर आहे ना नेम.

आयुर्वेदाशी नाते सांगू इच्छिणाऱ्या संशोधकांनाही ही परीक्षा चुकलेली नाही. मूळचे कर्नाटकातले आणि अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात काम करणारे कट्टेश कट्टी यांनी 'नॅनो स्वर्ण भस्म' या नावाने कण बनवले, तेव्हा त्यांना ते प्रयोगशाळेत नव्याने घडवावे लागले, मोजावे लागले आणि रुग्णांवरच्या चाचणीत उतरवावे लागले. पोथीचा दाखला तिथे चालत नाही. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा गुरू म्हणाला म्हणून मानू नका, अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहा, असे बुद्धाने कालामांना सांगितले होते. संविधानाचा अनुच्छेद ५१ क वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानतो. या पोस्टला उत्तर देताना आपल्याकडे एवढी शिदोरी पुरेशी आहे.

हा नुसता वादविवाद नाही. गाठ हाताला लागल्यावर पहिले तीन-चार महिने भस्म, काढा आणि बाबा यांच्यात गेलेले रुग्ण प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिले आहेत. जी गाठ शस्त्रक्रियेने निघाली असती ती तोवर पसरलेली असते. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे. सुवर्णभस्म विकणाऱ्याच्या बॅनरचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार देणे, हे शंभर कमेंट करण्यापेक्षा उपयोगाचे आहे.

महाग काय आहे?

दुसरी प्रतिक्रिया म्हणते की सोने आले म्हणजे गरिबाचा विषय संपला. हिशेब करून पाहू. हाइनफेल्ड यांच्या प्रयोगात उंदरांना किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत सोने दिले होते. उंदराची मात्रा माणसाला सरळ लागू होत नाही, पण केवळ अंदाजासाठी ६० किलोच्या माणसाला हाच दर लावला तर १६२ ग्रॅम होतात, म्हणजे जवळपास चौदा तोळे. तो मार्ग तसाच्या तसा माणसात आणता येत नाही याचे हेही एक कारण आहे. उष्णतेच्या आणि औषध वाहून नेण्याच्या वाटांना मात्र त्या मानाने फार कमी सोने लागते. तिथे पैसा जातो तो लेझर, एमआरआय, पेटंट, वर्षानुवर्षांच्या चाचण्या आणि प्रशिक्षित हातांवर. यातली कोणतीही गोष्ट सराफ बाजाराच्या भावाने ठरत नाही. ती सरकारच्या धोरणाने ठरते. २००७ साली केंद्र सरकारने नॅनो मिशन सुरू केले तेव्हा पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपये ठेवले होते. तो पैसा आपल्या कराचा आहे. काडेपेटीवरही कर भरणाऱ्या माणसाचा त्यातून निघणाऱ्या औषधावर हक्क आहे, उपकार नाही.

आणि सोन्याचेच बोलायचे तर आपल्या घरातले सोने आजही कॅन्सरमध्ये जाते. ते सराफाकडे गहाण पडून जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतात. पण गावाहून परळला येण्याचे भाडे, महिनोन्‌महिन्यांचा मुक्काम, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचे जेवण योजनेत येत नाही. आईच्या कानातले आणि बहिणीच्या लग्नासाठी केलेले डोरले तिथे जाते. या खर्चाविरुद्ध लढा आहेच. पण त्या लढ्यासाठी नव्या उपचाराकडे पाठ फिरवली पाहिजे, असे कोणी सांगितले?

चाचणी कोणावर होते?

नवीन उपचार येण्याआधी कोणाच्या तरी शरीरावर तपासला जातो. इथे आपला संबंध थेट येतो. महाराष्ट्राचाच इतिहास पाहा, सोन्याचा नव्हे तर व्हिनेगरचा.

१९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मोठा अभ्यास सुरू केला. सौम्य व्हिनेगर लावून, रंग बदलतो का ते पाहून तपासणी करायची. ती करणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका. सुमारे दीड लाख बायका या अभ्यासात होत्या. निकाल आला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. जगभर त्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण दीड लाखांपैकी निम्म्या बायका तुलनेच्या गटात होत्या. त्यांना कॅन्सरची माहिती दिली गेली, तपासणी दिली गेली नाही. त्यांच्यातल्या मृत्यूंशी तुलना केली म्हणून ३१ टक्के हा आकडा निघाला.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातही असाच अभ्यास झाला. ५२ गावसमूह, सुमारे १ लाख ३१ हजार बायका. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही एका गटाला तपासणी नव्हती. भारतात एरवी कोणालाच तपासणी मिळत नाही, मग आम्ही काही हिरावले नाही, असे या अभ्यासांचे समर्थन केले गेले. हे समर्थन नीट ऐका. सरकारने आपल्याला काही दिले नाही, हेच आपल्याला पुन्हा न देण्याचे कारण ठरले.

त्याच २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर तो थांबला. चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. लस चांगली आहे, आपल्या मुलींना ती मिळालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात संमतीचा जो प्रकार समोर आला तो विसरता येणार नाही. आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आईबाप असताना सही वॉर्डनची!

उद्या सोन्याच्या कणांची मोठी चाचणी भारतात आली तर ती सरकारी रुग्णालयांतल्या रुग्णांवरच होण्याची शक्यता जास्त आहे. कारण रुग्णांची गर्दी तिथे आहे आणि प्रश्न विचारणारे नातेवाईक तिथे कमी आहेत. चाचणीला विरोध करणे हे त्यावरचे उत्तर नाही, कारण चाचणीशिवाय औषध नाही. चाचणीच्या टेबलावर आपला माणूस दोन्ही बाजूंना असणे हे उत्तर आहे.

प्रयोगशाळेत कोण बसते?

हे संशोधन फक्त अमेरिकेत होते असे समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवून दाखवले. ज्या पातीचा आपण चहात वापर करतो तिनेच. २०१५ मध्ये आयआयटी मुंबई आणि खारघरच्या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राने मिळून मेदाच्या सूक्ष्म पिशवीवर सोने चढवून उंदरांतली गाठ लेझरने तापवण्याचे काम प्रसिद्ध केले. काम झाल्यावर कण मोडून शरीराबाहेर जावेत, असा त्यांचा प्रयत्न होता. यकृतात साचणाऱ्या सोन्याच्या प्रश्नाला दिलेले हे आपल्याच शहरातले उत्तर आहे.

या प्रयोगशाळांत प्राध्यापक कोण आहेत? २०१९ च्या केंद्रीय शैक्षणिक संस्था (अध्यापक संवर्ग आरक्षण) कायद्याने केंद्रीय संस्थांत अध्यापकांच्या आरक्षणाला आधार दिला. त्याच कायद्याच्या कलम ४ ने परिशिष्टातल्या काही 'उत्कृष्ट' संस्थांना त्यातून वगळले. त्या यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या घटक संस्था आहेत आणि त्यांत टाटा मेमोरियल सेंटरही आहे. उत्कृष्टता आणि आरक्षण एकत्र नांदू शकत नाहीत, असे कायदाच गृहीत धरतो. ज्या रुग्णालयाच्या रांगेत आपण सर्वात जास्त उभे असतो, तिथल्या संशोधकांच्या खुर्चीबाबत आपल्याला हे उत्तर मिळाले आहे. फॅरडेच्या काळात अशी यादी असती तर लोहाराच्या पोराला लाल सोने दिसले असते का?

आपण काय करायचे?

पहिले काम आजचे आहे आणि त्याला सोने लागत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर होतो आणि ९ लाखांहून अधिक मरतात. पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वात पुढे आहे. खर्रा, मावा आणि मिश्री आपल्या वस्तीत काय करत आहेत हे दिसायला बॅटरीचा उजेड पुरतो. जयंतीच्या कार्यक्रमात रक्तदान शिबिर असतेच. त्याच मंडपात तोंडाची आणि बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी ठेवा. जिल्हा रुग्णालयाला पत्र दिले तर पथक मागता येते. उशिरा सापडलेल्या गाठीला उद्याचा सोन्याचा कणही वाचवणार नाही.

दुसरे काम चाचण्यांवर पहारा ठेवण्याचे. भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल सरकारी नोंदणीत, सीटीआरआयमध्ये, नोंदवणे २००९ पासून बंधनकारक आहे. ती यादी कोणालाही उघडून पाहता येते. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत समजेल अशा भाषेत संमती, इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई, आणि काही अटींवर चाचणी संपल्यानंतरही औषध मोफत मिळण्याची तरतूद आहे. आपल्या रुग्णाला सही मागितली तर आधी मराठीतली प्रत मागा, ती घरी न्या, वाचून घ्या. सही न केल्यास नेहमीचा उपचार थांबवता येत नाही, हे रुग्णाला सांगा.

तिसरे काम फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. याच नियमांनुसार चाचणीला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक महिला, एक कायदातज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी यांसारखा एक स्वतंत्र सदस्य असलाच पाहिजे. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. एमएसडब्ल्यू, समाजशास्त्र आणि कायदा शिकलेली आपली शेकडो पोरे-पोरी नोकरीच्या शोधात आहेत. त्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या मेडिकल कॉलेजला अर्ज करावेत. कमिटीत कोण आहे हे माहिती अधिकारात विचारावे. तुलनेच्या गटातल्या बाईला काय मिळणार, हा प्रश्न त्या खोलीत विचारणारा माणूस असता तर मुंबईचा अभ्यास कदाचित वेगळा आखला गेला असता.

चौथे काम विद्यार्थ्यांचे. स्पर्धा परीक्षेच्या क्लासला गर्दी करणाऱ्या आपल्या बीएस्सीच्या मुलामुलींपैकी काहींनी रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि बायोटेकमध्ये संशोधनाकडे वळावे. फेलोशिप वेळेवर मिळावी म्हणून चळवळीने त्यांच्या पाठीशी उभे राहावे. आणि २०१९ च्या कायद्यातली ती यादी रद्द करण्याची मागणी आपल्या निवेदनांत कायम असावी.

सोन्याचा कण गाठीपर्यंत हजारांत सात पोचतो, ही अडचण शास्त्रज्ञ सोडवत आहेत आणि बहुधा सोडवतीलही. तो तयार झाल्यावर आपल्या वस्तीपर्यंत किती पोचेल, हे कोणत्याही प्रयोगशाळेत ठरणार नाही. त्यासाठी चाचणीची वही, कमिटीची खुर्ची आणि सरकारचे बजेट या तिन्ही जागी आपल्याला आत्तापासून हजर राहावे लागेल.